मार्चअखेरचा हिशेब आणि ईदचा हंगाम
'आर' या संगणकभाषेची व्यापारी व कारागिरांना ओळख

मार्चअखेर आला की आपल्या बाजारपेठेतील प्रत्येक दुकानात एकच गडबड उडते. वह्या बाहेर निघतात, पावत्यांचे गठ्ठे सुटतात, हिशेबनीस रात्री उशिरापर्यंत बसतो आणि शेवटी एक आकडा हाती येतो. वर्षाची एकूण विक्री! हा आकडा गेल्या वर्षापेक्षा मोठा असला की आपण अल्लाहचे आभार मानतो आणि पुढच्या वर्षासाठी जास्त माल भरतो. लहान असला की नोकर कमी करतो, भागीदाराकडे संशयाने पाहतो, नाहीतर धंद्यालाच नजर लागली असे म्हणून गप्प बसतो. परंतु हा आकडा आपल्याला जे सांगतो ते खरे आहे काय, हा प्रश्न मात्र आपण फार क्वचित विचारतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, तयार कपड्यांचे एक दुकान आहे. साधारण महिन्याची विक्री २ लाख रुपये. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत मात्र ईदची खरेदी होते व तेवढ्यात ६ लाखांची जादा विक्री होते. ही विक्री दरवर्षी अगदी सारखी आहे, एक पैसाही कमी-जास्त नाही असे धरू. आता महाराष्ट्रातील ईदुल फित्रच्या तारखा पाहा. २०२३ मध्ये ईद २२ एप्रिलला झाली, २०२४ मध्ये ११ एप्रिलला, २०२५ मध्ये ३१ मार्चला आणि २०२६ मध्ये मार्चच्या २० तारखेच्या आसपास. आर्थिक वर्ष तर १ एप्रिलला सुरू होते. म्हणजे २०२३-२४ या वर्षात ईदचा एक हंगाम आला. २०२४-२५ मध्ये दोन आले, एक वर्षाच्या सुरुवातीला व दुसरा वर्षाच्या अखेरीस. २०२५-२६ मध्ये पुन्हा एकच आला.

आता वहीत काय दिसेल? पहिल्या वर्षी ३० लाख, दुसऱ्या वर्षी ३६ लाख, तिसऱ्या वर्षी पुन्हा ३० लाख. दुसऱ्या वर्षी धंदा २० टक्क्यांनी वाढला म्हणून मालक खूश होईल, शेजारचा गाळा भाड्याने घेईल. तिसऱ्या वर्षी विक्री जवळजवळ १७ टक्क्यांनी घसरली म्हणून तोच मालक हवालदिल होईल. दोन भाऊ भागीदार असतील तर घरात वाद होतील. प्रत्यक्षात धंदा जागचा हललेलासुद्धा नाही! वहीतील एकही नोंद खोटी नव्हती, बेरीजही बरोबर होती. चूक होती ती मांडणीत. आपला धंदा चंद्राच्या वर्षावर चालतो आणि आपण तो सूर्याच्या वर्षाने मोजत होतो.

अशी मांडणी पुन्हा पुन्हा बदलून पाहणे हाताने करायचे तर महिने लागतील. संगणकावर ते काम काही मिनिटांचे आहे आणि त्यासाठी एक पैसाही खर्च न करता मिळणारे एक साधन आहे. त्याचे नाव 'आर'.

'आर' आहे तरी काय?

'आर' ही आकड्यांसाठी बनविलेली संगणकभाषा आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७६ मध्ये जॉन चेंबर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एस' नावाची अशीच एक भाषा सुरू केली होती. पुढे १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठाचे दोन प्राध्यापक, रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन, यांनी त्याच धर्तीवर नवी भाषा रचली. दोघांच्याही नावाचे पहिले इंग्रजी अक्षर 'आर', म्हणून भाषेचेही नाव तेच पडले. १९९५ मध्ये त्यांनी ती सर्वांसाठी मुक्त परवान्याखाली खुली केली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची पहिली पक्की आवृत्ती निघाली. आज विद्यापीठांत, औषध कंपन्यांत व सरकारी आकडेवारीच्या कामात ती वापरली जाते. साध्या संगणकावर ती चालते. एकदा उतरवून घेतली की रोजच्या कामाला इंटरनेटही लागत नाही. त्यामुळे आपला हिशेब आपल्याच दुकानात राहतो.

येथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. संगणकाला द्यावयाच्या क्रमवार सूचनांना जगभर 'अल्गोरिदम' म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला आहे. त्यांच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटणीचा हिशेब कसा करावा यालाच वाहिलेला आहे. हिशेबाची विद्या आपल्याला परकी नाही, फक्त मधल्या काळात आपण ती दुसऱ्याच्या हवाली केली.

वही यंत्राला कळेल अशी लिहा

'आर'कडे जाण्यापूर्वी आपला रोजमेळ संगणकावर तक्त्याच्या स्वरूपात हवा. एक्सेलसारख्या तक्त्यात तो लिहून 'सीएसव्ही' प्रकारची फाइल करावी. नियम थोडेच आहेत. एका ओळीत एकच व्यवहार असावा. एका रकान्यात एकाच प्रकारची गोष्ट असावी. तारीख, मालाचा प्रकार, नग, रक्कम, रोख की उधार, आणि गिऱ्हाइकाचे नाव, इतके सहा रकाने पुरे. रकमेच्या रकान्यात '५०० बाकी' असे लिहू नये. ५०० रकमेत आणि 'उधार' हा शब्द त्याच्या रकान्यात लिहावा. मधूनमधून महिन्याची बेरीज लिहिण्याची आपली सवयही येथे सोडावी, नाहीतर यंत्र त्या बेरजेलाही एक विक्री समजते व रक्कम दुप्पट होते. नावे मराठीत किंवा उर्दूत लिहिली तरी चालतात. विंडोजवर पूर्वी यात अडचण येई, ती २०२२ मध्ये निघालेल्या ४.२ या आवृत्तीपासून बरीच दूर झाली आहे.

फाइल तयार झाली की 'रीड डॉट सीएसव्ही' ही आज्ञा देऊन ती आत घ्यावी. 'हेड' म्हटले की पहिल्या सहा ओळी दिसतात. 'एसटीआर' म्हटले की कोणत्या रकान्याला यंत्र आकडा समजले आहे व कोणत्याला नुसता मजकूर, ते कळते. 'समरी' म्हटले की प्रत्येक आकड्याच्या रकान्यातील सर्वांत लहान, सर्वांत मोठी, मधली व सरासरी रक्कम समोर येते. या तीन आज्ञा म्हणजे नव्या मुनीमाने वही हातात घेऊन केलेली पहिली चाळणी होय.

पहिल्या झडतीत सापडणारे चोर

या चाळणीत चार दोष हमखास सापडतात. ते आधीच माहीत असलेले बरे.

पहिला दोष रकमेतील स्वल्पविरामाचा. आपण १,२५,००० असे लिहितो. यंत्र स्वल्पविराम पाहून त्याला आकडा न मानता मजकूर मानते आणि मग बेरीजच होत नाही. 'जीसब' या आज्ञेने स्वल्पविराम काढून टाकावा व नंतर 'अ‍ॅज डॉट न्यूमेरिक' म्हणून त्या रकान्याचा आकडा करून घ्यावा. क्रम उलटा केला तर ती रक्कमच नाहीशी होते.

दुसरा दोष तारखेचा. आपण दिवस, महिना, वर्ष या क्रमाने लिहितो. 'आर' मात्र आधी वर्ष असेल असे गृहीत धरते. ०३/०४/२०२४ ही तारीख काही न सांगता 'अ‍ॅज डॉट डेट'ला दिली तर ती चक्क इसवी सन ३ मधील एप्रिलची २० तारीख करून ठेवते आणि तक्रारही करीत नाही! म्हणून तारखेचा क्रम आपण स्पष्ट सांगावा लागतो. सांगितला की सर्व तारखा एका झटक्यात सरळ होतात.

तिसरा दोष रिकाम्या जागेचा. एखाद्या दिवशी रक्कम लिहायची राहून गेली, तर 'आर' तेथे 'एनए' असे दाखविते. याचा अर्थ शून्य नव्हे. याचा अर्थ 'माहीत नाही'. अशा रकान्याची बेरीज मागितली तर 'आर' उत्तर म्हणून पुन्हा 'एनए'च देते. प्रथम याचा राग येतो. पण विचार केला तर हा प्रामाणिकपणा आहे. जी रक्कम ठाऊक नाही ती धरून बेरीज कशी सांगावी? ती नोंद वगळून बेरीज कर, असे आपण सांगितले तर ते काम लगेच होते, पण जबाबदारी आपली राहते. दुकान बंद होते म्हणून विक्री शून्य आणि नोंद राहिली म्हणून रकाना रिकामा, हे दोन वेगळे प्रकार आहेत. वही लिहितानाच ते वेगळे लिहावेत.

चौथा दोष नावाचा. 'सलीम टेलर', 'सलीम टेलर्स' आणि शेवटी एक जागा जास्त सुटलेला 'सलीम टेलर ' ही आपल्या दृष्टीने एकच आसामी आहे, यंत्राच्या दृष्टीने तीन माणसे. 'टेबल' ही आज्ञा दिली की प्रत्येक नाव किती वेळा आले याची यादी मिळते व असे जुळे-तिळे लगेच नजरेस पडतात. शेवटची मोकळी जागा 'ट्रिमडब्ल्यूएस' काढून टाकते, बाकीची दुरुस्ती मालकाने स्वतः करावी. कोण कोणता, हे त्यालाच ठाऊक.

गाळणे, रचणे, जुळवणे

वही स्वच्छ झाली की खरे काम सुरू होते. 'सबसेट' म्हणजे गाळणे. फक्त उधारीचे व्यवहार दाखव, किंवा ५,००० रुपयांवरील व्यवहार दाखव, असे सांगता येते. 'ऑर्डर' म्हणजे क्रमाने लावणे. सर्वांत जुनी उधारी सर्वांत वर आणता येते. 'अ‍ॅग्रिगेट' म्हणजे गटवार बेरीज. मालाच्या प्रकारानुसार, महिन्यानुसार किंवा गिऱ्हाइकानुसार बेरजा एकाच ओळीत लिहिलेल्या आज्ञेने होतात. ज्यांना वाचायला अधिक सोपी भाषा हवी त्यांच्यासाठी 'डीप्लायर' नावाचा जोडसंच २०१४ पासून मिळतो, तोही फुकटच.

'मर्ज' ही आज्ञा दोन वह्या जुळविते. एका वहीत उधारीच्या रकमा आहेत, दुसरीत गिऱ्हाइकांचे पत्ते आहेत, तर नावावरून दोन्ही एकत्र करता येतात. येथे एक सावधगिरी हवी. ज्याचे नाव दोन्ही वह्यांत नाही, त्याला 'मर्ज' मुकाट्याने गाळून टाकते. पत्त्याच्या वहीत नाव नाही म्हणून हजारो रुपयांची उधारी यादीतून गायब होऊ शकते. म्हणून सर्व ओळी ठेव, असे तिला बजावून सांगावे आणि जुळविण्यापूर्वीची व नंतरची एकूण रक्कम ताडून पाहावी. मुदतीची उधारी लिहून ठेवा, ही ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आपल्याला दिलेली आहे. लिहिलेले शोधता आले पाहिजे, हेही त्याच कर्तव्याचा भाग आहे असे आम्ही समजतो.

हिजरी रकान्याची करामत

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचे असते. त्यामुळे रमजान दरवर्षी सुमारे १०-११ दिवस अलीकडे सरकतो. एप्रिलची तुलना एप्रिलशी करणारा व्यापारी म्हणूनच फसतो. २०२४ मध्ये रमजानचे शेवटचे दहा दिवस १ ते १० एप्रिल असे होते. २०२५ मध्ये ते २१ ते ३० मार्च असे आले. एप्रिल २०२५ ची विक्री पाहून ज्याने धंदा बसला असे मानले, त्याचा सर्व हंगाम आदल्या महिन्यात होऊन गेला होता.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक हिजरी महिन्याची पहिली तारीख लिहिलेला एक छोटा तक्ता करावा. वर्षाच्या बाराच ओळी होतात. या तारखा आपल्या शहरात चंद्रदर्शनानंतर जाहीर झालेल्या असाव्यात, कारण गणिताने काढलेल्या तारखेत एखाद्या दिवसाचा फरक पडू शकतो. हा तक्ता दिला की 'कट' ही आज्ञा प्रत्येक विक्रीसमोर तिचा हिजरी महिना लिहून देते. मग 'अ‍ॅग्रिगेट'ला इंग्रजी महिन्याऐवजी हिजरी महिन्याने बेरीज करायला सांगावे. रमजानची तुलना रमजानशी, शव्वालची शव्वालशी. आमच्या उदाहरणातील दुकानाचा हिशेब असा मांडला की प्रत्येक रमजानची जादा विक्री ६ लाखच दिसते आणि चढ-उताराचे भूत नाहीसे होते.

याहून उपयोगी एक युक्ती आहे. 'आर'मध्ये एका तारखेतून दुसरी तारीख वजा केली की मधले दिवस मिळतात. ईदच्या तारखेतून विक्रीची तारीख वजा करावी व 'ईदला उरलेले दिवस' असा नवा रकाना करावा. मग तीन वर्षांची विक्री याच रकान्यावर मांडली की गिऱ्हाईक ईदच्या पंधरा दिवस आधी येऊ लागते की आठ दिवस, हे स्पष्ट दिसते. सुरत किंवा भिवंडीहून माल कधी मागवायचा, जास्तीचा माणूस कोणत्या दिवसापासून ठेवायचा, हे मग अंदाजाने ठरवावे लागत नाही.

जकातीच्या दृष्टीनेही हा रकाना कामाचा आहे. जकातीचे वर्ष चांद्र असते. आपल्या ठरलेल्या हिजरी तारखेला दुकानात माल किती, येणे किती व देणे किती, याची यादी हाताशी असली म्हणजे घाईत अडखळत अंदाज करावा लागत नाही. मसला आलिमांना विचारावा, पण आकडा तयार ठेवणे आपलेच काम आहे.

चित्र काढल्याशिवाय विश्वास ठेवू नका

व्यापाराचे आकडे रेषांच्या चित्राने दाखविण्याची कल्पना विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ मध्ये आपल्या ग्रंथात मांडली. त्यातील चित्रे होती इंग्लंडच्या आयात-निर्यातीची. म्हणजे आलेखाचा जन्मच व्यापाऱ्याच्या हिशेबातून झाला आहे.

चित्र का काढावे, याचे उत्तर फ्रान्सिस अ‍ॅन्स्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये दिले. त्यांनी अकरा-अकरा जोड्यांचे चार लहान तक्ते केले. चारही तक्त्यांत पहिल्या रकान्याची सरासरी ९ व दुसऱ्याची ७.५ येते, आणि दोहोंचा संबंध दाखविणारी रेषाही सारखीच येते. आकडे पाहणारा म्हणेल, चारही एकच आहेत. पण चित्र काढले की एकात ठिपके साधारण एका रेषेभोवती पसरलेले, दुसऱ्यात सुरेख कमान, तिसऱ्यात सरळ रेषा व तिच्यापासून दूर पडलेला एकच ठिपका, आणि चौथ्यात एक सोडून सर्व ठिपके एकावर एक उभे! हे तक्ते 'आर'मध्ये 'अ‍ॅन्स्कोम' या नावाने आधीच ठेवलेले आहेत. शिकणाऱ्याने पहिला धडा म्हणून ते काढून पाहावेत.

'प्लॉट' ही आज्ञा ठिपके किंवा रेषा काढते, 'लाइन्स' तिच्यावर दुसऱ्या वर्षाची रेषा चढविते. ईदला उरलेल्या दिवसांचे चित्र याच दोन आज्ञांनी होते. 'बारप्लॉट' मालाच्या प्रकारानुसार उभे खांब काढते. 'हिस्ट' बहुतेक गिऱ्हाईक किती रुपयांची खरेदी करते ते दाखविते. कारागिरांसाठी 'बॉक्सप्लॉट' फार कामाची आहे. समजा, मालेगावात एखाद्याचे आठ यंत्रमाग आहेत व प्रत्येक मागाचे रोजचे मीटर लिहिलेले आहेत. 'बॉक्सप्लॉट' प्रत्येक मागासाठी एक पेटी काढते. पेटीतली जाड रेष म्हणजे त्या मागाचे मधले काम, आणि निम्मे दिवस पेटीच्या आत येतात. ज्या मागाची पेटी लांबलचक आहे तो एक दिवस धावतो व दुसऱ्या दिवशी रुसतो. त्याची सरासरी चांगली असली तरी मिस्त्रीला आधी तोच दाखवावा.

एका गोष्टीपासून जपावे. 'बारप्लॉट'चे खांब शून्यापासून सुरू होतात. 'प्लॉट'ची रेषा मात्र आपल्या आकड्यांपुरतीच जागा घेते. त्यामुळे दोन-तीन टक्क्यांची घट कड्यावरून पडल्यासारखी भासते. चित्र शून्यापासून काढावयाचे असल्यास 'वायलिम' सांगून तसे करावे. कोणी आपल्याला नफ्याची चढती रेषा दाखवून पैसे गुंतवायला सांगत असेल, तर त्या चित्राचा तळ शून्यावर आहे की नाही, हे आधी पाहावे.

शेवटी इतकेच

'आर' बिले करीत नाही, कराचे विवरणपत्र भरीत नाही आणि कच्ची वही पक्की करीत नाही. चुकीची नोंद तिला दिली तर ती चुकीचेच सुंदर चित्र काढून देईल. प्रामाणिक नोंद ही पहिली अट आहे, आणि ती कोणतेही यंत्र पुरी करू शकत नाही. गिऱ्हाइकाच्या उधारीची नोंद ही त्याची अमानत आहे. शिकण्यासाठी वही दुसऱ्याला दाखवायची असेल तर नावाच्या जागी क्रमांक घालावेत.

शिकायला कोण बसणार, हा प्रश्न वाचक विचारतील. आमचे उत्तर असे की आपल्या घरातच पाहा. महाविद्यालयात शिकणारी मुलगी किंवा मुलगा दुकानाच्या गल्ल्यावर बसत नसेल, पण दुकानाची तीन वर्षांची वही त्यांच्या हाती द्या. अनेक ठिकाणी संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना 'आर' शिकवितातच. त्यांना सरावासाठी खरे आकडे हवे असतात आणि आपल्याला खरे उत्तर. वडिलांना बाजार कळतो, मुलांना यंत्र कळते. दोघे एका वहीवर बसले तर धंदा खरोखर वाढला की फक्त ईदच सरकली, हे इन्शाअल्लाह पुढच्या मार्चअखेरपूर्वीच कळेल.